तांदळाच्या पिठातले पाऊल

रुख्माच्या दहाव्याला पिठात पाखराचे पाऊल उमटले, याबद्दल मुर्री गावात कोणाला शंका नव्हती. शंका होती ती एकट्या तिच्या नवऱ्याला, बकारामला, आणि ती त्याने कोणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

त्यांच्यात रीत होती. माणसाचा जीव जिथे गेला, त्या जागी दहाव्याच्या आदल्या रात्री तांदळाचे पीठ चाळून पसरायचे, मध्ये दिवा ठेवायचा आणि वरून टोपले उपडे घालायचे. सकाळी टोपले उचलायचे आणि पिठात काय उमटले ते पाहायचे. खूर उमटला तर गेलेले माणूस गाईगुरांच्या जन्माला गेले. लहान पाऊल उमटले तर ते याच घरात परत येणार. रुख्माचे टोपले गावातल्या सुकराम बुढ्याने उचलले. गुडघ्यावर हात ठेवून तो वाकला आणि म्हणाला, "पाखरू आहे. बोटाबोटात कातडं दिसून राहिलं. पान्यातलं पाखरू."

रुख्माचा भाऊ गोवर्धन, नवेगावच्या तलावाकाठचा, बाजूलाच उभा होता. तो लगेच म्हणाला, "आमच्या बांधातलं आहे हे. बाई माहेरी आली."

सगळ्या बायांनी डोळे पुसले. बकारामने पुसले नाहीत. तो पिठाकडे पाहत राहिला. पाऊल एकच होते. पाखराला पाय दोन असतात. एकच पाऊल दिव्याजवळ टेकवून हे पाखरू आले कुठून आणि गेले कुठे? त्याने सुकराम बुढ्याला विचारले, तर बुढा खेकसला, "आत्मा का कोंबडीवानी चालत येते का रे? टेकते अन् जाते."

पण पीठ गोळा करून नदीत सोडायच्या आधी बकारामने धानाची एक काडी घेतली, पावलाच्या मधल्या बोटावर धरून तेवढीच मोडली आणि बंडीच्या खिशात टाकली.

तो आधीपासून तसाच होता. दूध घेतले तर बोट बुडवून पाहणार. बैल विकत घ्यायचा तर विकणाऱ्याच्या शेजाऱ्याला आधी विचारून येणार. रुख्मा हसायची. म्हणायची, "तुमी तं सूर्य पन उगवला का नाई ते हात लावून पाहान." ती हसली की त्याचा संशय थोडा सैल व्हायचा. कार्तिकात ती तापाने गेली. दोन्ही पोरी आपापल्या सासरी होत्या, त्या दिवस करून परत गेल्या. त्याच्या संशयाला हसणारे घरात कोणी उरले नाही, आणि संशय वाढत गेला.

त्यात गोवर्धनचा निरोप आला. कोणी नवेगावहून गोंदियाच्या बाजाराला आला की तेच सांगायचा. भाऊजी, पाखरं आली आहेत. बांध भरून गेला आहे. येऊन पाहून जा.

एवढा आग्रह कशाला? शेजारच्या दुलीचंदने त्याचे उत्तर देऊन टाकले. धानाच्या ढिगाऱ्यावर बसून तो बिडी ओढत होता.

"तुही साळी घरीच आहे ना?"

"प्रेमिला? हव. नवरा मेला तिचा. भावाकडं राहते."

"मंग? पाखरू गिखरू काई नाई. तुह्यासंग तिचा पाट लावून देते तो. बहीन गेली तं बहीन. दहाव्याले ते पोट्टी इथंच होती का नाई?"

"होती."

"मंग पाऊल कोनं काढलं असन, इचार कर."

बकारामने विचार केला. रात्री घरात जेवढ्या बाया निजल्या होत्या, त्यांत प्रेमिला होती. सडा टाकायला पहाटे सगळ्यांच्या आधी तीच उठली होती. आणि पाऊल पाहताच 'आमच्या बांधातलं' म्हणून बोलून उठला तो गोवर्धन. बहीण-भावांनी मिळून केले असणार. बिचाऱ्या रुख्माच्या नावाने कोणी पिठात खोटे पाऊल काढले असेल, तर ती रात्री आलीच नव्हती. आणि आली नव्हती तर ती होती कुठे? हा प्रश्न त्याला जेवू देत नव्हता. पाटाबिटाचे त्याला काही नव्हते, नाही म्हटले की झाले. पण रुख्मा त्या रात्री आली होती की नव्हती, एवढे त्याला कळायला हवे होते.

मळणी आटोपल्यावर तो गोंदियाला छोट्या रुळाच्या गाडीत बसला आणि देऊळगावला उतरला.

नवेगावचा बांध म्हणजे डोंगरांच्या मध्ये साचलेले पाणी, नजर पुरणार नाही एवढे. काठाने बोरू आणि लव्हाळी, मागे सागाचे जंगल. थंडीत नागपूरचे साहेबलोक सरकारी बंगल्यात उतरायचे, दुर्बिणी लावायचे, बंदुकाही आणायचे. पहाटे सांबरे पाण्यावर येतात म्हणून काही नुसतेच बघायला यायचे. गावातल्या माणसाला हे समजत नसे. बघायला कोणी येते का? काहीतरी असणारच.

आता बकाराम आला तर त्याच्याबद्दलही गावाने तेच ठरवले. चावडीजवळ एका म्हाताऱ्याने त्याला थांबवले.

"कोन्या गावचे?"

"मुर्रीचा. गोवर्धनचा भाटवा."

"कायले आले?"

"पाखरं पाहाले."

म्हातारा त्याच्याकडे पाहून मनमुराद हसला. "पाहा, पाहा. चांगलं पाखरू आहे."

बकारामची कानशिले तापली. म्हणजे गावभर झाले होते.

गोवर्धनने पाय धुवायला पाणी दिले, बाज टाकली. त्याची बायको मंदाबाई दोनदा चहा घेऊन आली. प्रेमिला मागच्या वाडीत धान कांडत होती, ती समोर आली नाही. हेही बकारामला खटकले. समोर आली असती तरी खटकलेच असते.

संध्याकाळी ताट आले. भातावर तांबडा रस्सा होता. बकारामने वास घेतला.

"काय आहे?"

"मासोळी आहे, भाऊजी," मंदाबाई म्हणाली.

"मासोळीले एवढं हाड?"

"मोठी होती."

त्याने हाड उचलून दिव्याजवळ धरले. ते मासळीचे की पाखराचे, काही समजेना. रुख्मा खरेच पाखरू झाली असेल तर? आणि नसेल तर हाडाला भ्यायचे कशाला? त्याने रस्सा बाजूला सारला आणि मिठाशी भात खाल्ला. मंदाबाई आत जाऊन नवऱ्याशी कुजबुजली. "तुमच्या भाटव्याले माह्या हातचं जहर वाटते का?"

"सोकात आहे. बोलू नोको," गोवर्धन म्हणाला. बकारामला दोन्ही ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते डोंग्यात बसले. डोंगा बिसराम ढिवराचा होता. बिसराम बांबूने डोंगा ढकलत होता आणि मधूनमधून बकारामकडे नजर टाकत होता.

"मुर्रीहून तिकीट काढून आले तुमी? पाखराईसाठी?"

"हव."

"आमी तं फुकटात पाहातो, तरी पाहात नाई," बिसराम म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खूश झाला.

धुके उठत होते. पाणी गारठलेले होते. बकारामने आयुष्यात एवढी पाखरे एका जागी पाहिली नव्हती. चोरखमाऱ्याच्या तलावावर तो कितीदा गेला होता, पण तिथे दिसायचे ते पाच-पन्नास बगळे. इथे पाणीच दिसत नव्हते. तांबूस रंगाचे चकवे जोडीजोडीने होते. पाणकावळे खुंटांवर पंख वाळवत बसले होते. जांभळ्या कोंबड्या लव्हाळीत लाल पाय टाकत फिरत होत्या. आणि मधोमध मोठी राखी बदके, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या असलेली. ती आपसात कुणकुणत होती, बाया पंगतीला बसल्या म्हणजे कुणकुणतात तशी.

"हे," गोवर्धन हळूच म्हणाला. "याईचंच पाऊल होतं ते. पाहा भाऊजी, कशी शांत आहेत."

बकारामने पाहिले. त्याला वाईट वाटले की आपल्याला काहीच वाटत नाही. एवढ्या शेकड्यांत रुख्मा असती तर एकीने तरी मान वळवली असती. तो म्हणाला, "काठावर ने. चिखल पाहायचा आहे."

"चिखल?" बिसराम थांबला. "साहेबलोक पाखरं पाहातात. हे चिखल पाहातात."

पलीकडच्या काठाला चिखलात ठसेच ठसे होते. बकाराम धोतर खोचून उतरला. खिशातली काडी काढून तो एकेका ठशावर ठेवू लागला. काही लहान, काही मोठे. एक ठसा काडीला बरोबर बसला. मग त्याने नीट पाहिले. पुढची तीन बोटे, मधले कातडे, आणि मागे एक बारीक टोचा.

"हे मागं काय आहे?"

"मागचं बोट. टाचेवर राहाते," बिसराम म्हणाला.

"सगळ्याईले राहाते?"

"राहातेच ना. चिखलात उमटते. कठीन जागेवर नाई बी उमटत."

पिठातल्या पावलाला मागचे बोट नव्हते. पण पीठ चिखलापेक्षा हलके असते. तो तसाच वाकून राहिला. गोवर्धन त्याच्याकडे पाहत होता आणि त्याच्याही चेहऱ्यावर आता संशय आला होता.

"भाऊजी, तुमी काय मोजून राहिले?"

"काई नाई."

तेवढ्यात बंगल्याच्या बाजूने बार झाला. मग दुसरा. सगळा बांध एकदम उठला. पंखांच्या आवाजात काही ऐकू येईना. एक राखी बदक वरून तिरके होत खाली आले आणि लांब पाण्यात आपटले. बकारामच्या तोंडून हाक निघून गेली, "अवो!" घरात रुख्माला तो अशीच हाक मारायचा.

बिसरामने मान फिरवली. बकाराम चिखलात बसला, आणि नंतर कितीतरी वेळ त्याला हेच कळत नव्हते की ज्यावर आपला विश्वास नाही, त्याच्यासाठी आपण एवढे का ओरडलो.

परतल्यावर गोवर्धनने बोलून टाकले. वडाखाली बसून तो जमिनीवर काडीने रेघा ओढत होता.

"भाऊजी, बाईनं उगंच नाई बोलावलं तुमाले. घर चालवाले मानूस पाहिजे. प्रेमिला इथं एकटी, तुमी तिथं एकटे. बाईची इच्छा असन म्हनूनच तं पाखरू होऊन आली माहेराकडं."

"तुले बाईनं येऊन सांगितलं?"

"पाऊल दिसलं ना सगळ्याईले!"

"दिसलं," बकाराम म्हणाला. दुलीचंद खरा ठरला होता. त्याला रागही आला आणि बरेही वाटले. संशय खरा निघाला की त्याला नेहमी थोडे बरे वाटायचे. "मी जरा काठावर बसतो."

"बसा. जेवन तिथंच पाठवतो."

जेवण घेऊन येणार कोण, हे बकारामला ठाऊकच होते. प्रेमिला आली. पितळेचा डबा तिने दगडावर ठेवला आणि चार हात लांब उभी राहिली. ती रुख्माहून बरीच लहान होती. चेहऱ्यात रुख्मा कुठेच नव्हती, फक्त उभे राहण्यात होती, एक पाय दुसऱ्याला टेकवून.

"भाऊजी, जेवाच्या आधी ऐका."

"भावानं पाठवलं ना तुले? मले सगळं समजते."

"भावानं डबा घेऊन पाठवलं. बोलाले नाई." ती रस्त्याकडे एकदा पाहून आली. "मले मुर्रीले याचं नाई. पाट कराचा नाई. तुमच्यासंग नाई, कोनासंग नाई."

हे बकारामच्या हिशेबात नव्हते.

"मंग तो पाऊल पाऊल काऊन करून राहिला?"

"त्याले ते खरं वाटते. म्हनूनच तुमाले सांगून राहिली. पाऊल मी काढलं."

बकाराम उठून उभा राहिला. इतके दिवस त्याला हेच शब्द ऐकायचे होते.

"काऊन?"

"पहाटे सडा टाकाले उठली. दिव्यात तेल आहे का म्हनून टोपलं उचकून पाहिलं. पीठ कोरं होतं. काईच नोतं."

"काईच?"

"जसं पसरलं तसं. रात्री तुमच्या मुर्रीच्या बुढ्या बोलून राहिल्या होत्या, मी जागी होती. म्हनत, हिचे डोरे उघडे राहिले होते, पीठ कोरं राहिलं तं समजा हे घरातच आहे. मंग भगत आना अन् उंबऱ्यात खिळे ठोकून घ्या, म्हंजे उठनार नाई." प्रेमिला एक पाऊल पुढे आली. "माह्या बाईले खिळ्यानं ठोकतीन? तिनं काय केलं होतं कोनाचं? मी पाऊल काढलं. पाखरू म्हटलं की उडून गेली. उडाल्यावर कोनाले ठोकतीन?"

बकाराम तिच्याकडे पाहत होता. दूध, बैल, माणूस, सगळे तो असाच पाहायचा. हिला यात काय मिळते? पाट टळतो. पाट टाळायला ही खोटेही बोलत असेल. पाऊल खरे असेल, आणि ही आता ते खोटे म्हणत असेल.

"काढून दाखव."

ती पाण्याजवळ गेली. ओल्या चिखलावर तिने तीन बोटे फाकवून दाबली, मग हाताच्या कडेने मधली जागा हलकेच चेपली. पाऊल तयार झाले. मागचे बोट नव्हते.

"लहान असताना आमी काठावर अशी पावलं काढत बसू. दुसऱ्या पोट्ट्या म्हनत, पाहा, एवढं मोठं बदक कोनतं आलं. बाईनंच शिकवलं मले."

बकाराम खाली बसला. काडी लावून पाहायची गरज उरली नव्हती. त्या पावलाकडे तो बराच वेळ पाहत होता. रुख्माने हे त्याला कधी सांगितले नव्हते. इतक्या वर्षांत सांगायला वेळ मिळाला नसेल, किंवा त्याने ठसा तपासून पाहिला असता म्हणून सांगितले नसेल.

"पीठ कोरं होतं," तो पुन्हा म्हणाला.

"हव."

"म्हंजे ते गेलीच नाई."

"मले काय मालूम, भाऊजी," प्रेमिला म्हणाली. "तुमी भगत आनान का आता?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. ती तेवढ्याने हलली नाही, त्याच्या तोंडून ऐकायला उभी राहिली. हीही आपल्यासारखीच आहे, असे त्याला वाटले.

"नाई आननार," तो म्हणाला.

ती गेल्यावर त्याने पायाने चिखलातले पाऊल पुसले. डबा उघडला. भात आणि रस्सा होता. रस्सा कशाचा ते न पाहता त्याने खाल्ला.

गोवर्धन घरी वाट पाहत होता. मंदाबाई दाराआड होती.

"भाऊजी, मंग?"

"दुपारची गाडी मिळते ना?"

"आजच चालले? दोन दिवस राहा ना बापा! पाटाचं—"

बकाराम आयुष्यात खोटे फार कमी बोलला होता. खोटे बोलायला आधी समोरच्यावर भरवसा लागतो, की तो ऐकून घेईल. त्याने गोवर्धनच्या डोळ्यांत पाहिले.

"मले दिसली ते."

"बाई?"

"हव. त्या राखी बदकाईत होती. बार झाला तं उडाली अन् पुन्हा येऊन बसली. सुखात आहे, गोवर्धन. तिले कोनाची काळजी नाई. तिनं मले पाट करून घे म्हनून बोलावलं नाई. नुसतं दिसाले बोलावलं. आता हा विषय नोको."

गोवर्धनच्या डोळ्यांत पाणी आले. मेहुण्याच्या तोंडून एवढे बोलणे त्याने कधी ऐकले नव्हते. "खरंच दिसली?" त्याने विचारले, पण संशयाने नाही. मंदाबाई मात्र दाराआडून बकारामकडे रोखून पाहत होती. तिला एक शब्दही पटला नव्हता. बकारामने तिची नजर ओळखली आणि टाळली.

गाडीत गर्दी होती. सौंदडला कोणीतरी कोंबड्या घेऊन चढले. बकाराम दाराजवळ उभा होता आणि गाडी हळू चालते म्हणून मनात शिव्या देत होता. घर बंद करून आलो, हेच डोक्यात फिरत होते. रुख्मा आत आहे आणि आपण बाहेरून कडी लावली. चूल पेटलेली नाही, पाणी भरलेले नाही. या विचारांना तो मधूनच दटावत होता. एका पोरीने चिखलात पाऊल काढून दाखवले एवढ्यावरून तू काय काय मानून राहिला? कोरे पीठ कोरेच असते. त्याचा अर्थ बुढ्यांनी लावला, आणि त्या बुढ्यांवर तुझा भरवसा कधी होता?

मुर्रीत शिरताना दिवे लागायची वेळ होती. दुलीचंद अंगणात बैलाला पेंढी टाकत होता.

"काय रे, पाहिलं पाखरू?"

"पाहिलं."

"अन् साळी?"

"ते आपल्या घरी आहे. मी माह्या घरी."

"मंग पाऊल कोनाचं होतं?"

"पाखराचं," बकाराम म्हणाला आणि पुढे झाला.

त्याने कडी काढली. आत अंधार होता, भुश्याचा आणि थंड राखेचा वास होता. त्याने दिवा लावला, चूल पेटवली, घागर भरून आणली. भात टाकला. किती टाकावा हे त्याला काही सुचले नाही, म्हणून दोघांना पुरेल एवढा टाकला. मग तो चुलीसमोर बसला.

मधल्या खोलीत काहीतरी हलले. कणगीजवळ, जिथे पीठ पसरले होते तिथे, किंवा थोडे अलीकडे. उंदीर असेल. दुलीचंदची मांजर असेल, ती खिडकीतून येते. त्याचा हात आपोआप दिव्याकडे गेला. पुन्हा तसाच आवाज झाला, हलका, कोणी पदर आवरून बसावे तसा.

त्याने हात मागे घेतला. चुलीत एक लाकूड सरकवले.

काय आहे ते पाहायला तो उठला नाही.